दुखायच्या आधीची गोळी

विजयश्रीच्या सोसण्याची कीर्ती गावाकडच्या औशापासून पुण्याजवळच्या दिघीपर्यंत पसरलेली होती, आणि ती पसरवण्यात विजयश्रीचा स्वतःचा वाटा काही लहान नव्हता. सातवीत असताना पायाला विंचू चावला तर पोरीनं हूं की चूं केलं नाही, हे तिची आई सांगायची. लेकीच्या, आम्रपालीच्या वेळच्या बाळंतपणात शेजारच्या खाटेवरची बाई दवाखाना डोक्यावर घेत होती आणि आमची सून मात्र ओठ दातांत धरून गप्प, हे सासूबाई सुमनताई अजून लग्नकार्यात सांगतात. चाकणच्या कंपनीत विजयश्री गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर लीडर होती. तिथं एकदा मशीनची पिन बोटात घुसली, तर तिनं रुमाल गुंडाळून उरलेली शिफ्ट काढली. सेफ्टीच्या साहेबांनी त्यावरून तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, पण गोष्टीतला तेवढा भाग ती सांगायची नाही.

तिचा नवरा निरंजन भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता, आणि अंगाच्या बाबतीत अगदी उलट्या स्वभावाचा. दोन शिंका आल्या की तिसरी यायच्या आत तो डोक्यावर टॉवेल घेऊन वाफेला बसायचा.

"तुमचं शरीर म्हणजे वॉरंटीतलं मशीन," विजयश्री म्हणायची. "खुट्ट झालं की कंप्लेंट."

"आणि तुझं वॉरंटी संपलेलं," तो म्हणायचा. "बंद पडेपर्यंत चालवायचं."

तर या विजयश्रीची यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर पाळी चुकली. एकच लेक पुरे, हे दोघांचं आम्रपाली पहिलीत गेली तेव्हाच ठरलं होतं. तांबी बसवली होती, पण अंगावरून फार जायला लागलं म्हणून मागच्या वर्षी ती काढावी लागली. तेव्हापासून जबाबदारी निरंजनकडे होती. ती त्यानं नेमकी कोणत्या दिवशी पार पाडली नाही, याबद्दल नवराबायकोत मतभेद होते.

किटवर दोन रेघा उमटल्या त्या सकाळी दोघं स्वयंपाकघरात चहा घेऊन बसली. विजयश्री म्हणाली, "मेंटेनन्सवाल्याच्याच घरात ब्रेकडाऊन." निरंजन हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तिचेही आले. चहा निवला. मग तिनं सरळ विचारलं, "तुम्हाला पाहिजे का?" तो म्हणाला, "तुला?" तिनं मान हलवली. नाही. तो म्हणाला, "मग मलाही नाही." यात कुणी कुणाची समजूत घातली नाही. तिनं दोन्ही कप उचलून नव्यानं चहा टाकला.

आळंदी रस्त्यावरच्या दवाखान्यात डॉक्टर मंजुषा होत्या. केस कापलेल्या, बोलायला चटपटीत. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी बघितली. दिवस थोडेच गेले होते, गोळ्यांनी होण्यासारखं होतं. संमतीचा कागद पुढे आला तसा निरंजन खिशातलं पेन काढून, टोपण उघडून तयारच.

"तुमची सही लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"नवरा आहे मी."

"दिसतंय. पण कायद्यानं यांची एकटीची पुरते."

निरंजननं पेन मिटलं. विजयश्रीनं सही केली, आणि ती करताना तिच्या गालावर जरा हसू फुटलं, ते त्यानं बघितलं.

पहिली गोळी तिथंच द्यायची होती. दुसऱ्या गोळ्या परवा, घरी, गालात धरून ठेवायच्या. त्यानंतर खरं काम सुरू होणार. "दुखेल," डॉक्टर म्हणाल्या. "कुणाला पाळीसारखं, कुणाला त्याहून बरंच जास्त. तुम्हाला किती, हे मी आज सांगू शकत नाही, कुणीच नाही. म्हणून ही वेगळी गोळी देतेय. ही दुखण्याची. दुसऱ्या गोळ्या गालात ठेवायच्या आधी, पोटात काहीतरी खाऊन ही घ्यायची. दुखायला लागल्यावर नव्हे, आधी. एकदा कळ चढली की तिला खाली आणायला वेळ लागतो."

"मला एवढं काही होत नाही मॅडम," विजयश्री म्हणाली. "मी सोसते."

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "सोसल्याचे मार्क आमच्याकडे देत नाहीत."

निरंजन मात्र खुर्चीत पुढे सरकला होता. कुणीतरी अखेर त्याच्या भाषेत बोललं होतं. "म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स! मशीन बंद पडायच्या आधीच ऑइलिंग."

"अगदी तसंच समजा," डॉक्टर म्हणाल्या, आणि ती त्यांची चूक झाली. मोटरसायकलवरून घरी येईपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरवर निरंजन मान मागे वळवून "आधी घ्यायची, आधी," म्हणत होता.

दुसऱ्या गोळ्या गुरुवारी घ्यायच्या होत्या, कारण गुरुवारी दोघांनाही सुट्टी. आम्रपालीला आदल्या संध्याकाळीच निरंजनच्या बहिणीकडे, दिव्याकडे, पिंपळे सौदागरला सोडून आले. तिथल्या सोसायटीत पोहायचा तलाव होता. लेकीनं आईबापाकडे मागे वळूनही बघितलं नाही.

गुरुवारी सकाळी निरंजननं पलंगाशेजारी स्टुलावर सगळं मांडलं. मोठी पॅड, जुने टॉवेल, पाण्याची बाटली, बिस्किटं, थर्मामीटर, उलटी झालीच तर पातेलं, आणि भोसरीहून मुद्दाम आणलेली विजेवर तापणारी शेकाची पिशवी. डॉक्टरांचा नंबर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाला चिकटवला. त्याखाली डॉक्टरांचं सांगणं: तासाला दोन पॅड भिजायला लागली आणि दोन तास तसंच चाललं, तर वाट न बघता फोन करायचा.

"ओव्हरहॉलिंग आहे का माझं?" विजयश्रीनं विचारलं.

"तू पोहे संपव."

तिनं पोहे संपवले. त्यानं दुखण्याची गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेल्याचा वास आला, तो धावला. परत आला तेव्हा पेला रिकामा होता आणि विजयश्री तोंड पुसत होती.

"घेतली?"

"घेतली."

गोळी उशीच्या अभ्र्यात गेली होती.

का, ते तिला विचारलं असतं तर तिलाही नीट सांगता आलं नसतं. अख्खं बाळंतपण गोळीशिवाय काढलं, त्यापुढं हे काय, असं एक होतंच. पण त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि तिकडे बघायचं तिनं टाळलं.

मग तिनं बाकीच्या गोळ्या गालांत ठेवल्या, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. अर्धा तास त्या विरघळेपर्यंत बोलायचं नव्हतं. निरंजन पलंगाच्या कडेला बसून मुकादमाची बदली, दिव्याच्या नवऱ्याची नवी गाडी, औशाच्या घराचा पत्रा, असं एकामागून एक सांगत सुटला. शेवटी समाधानानं म्हणाला, "लग्नाला नऊ वर्षं झाली. अर्धा तास सलग मी बोललो असं पहिल्यांदाच झालं." तिनं फुगलेल्या गालांनीच त्याला एक चापट मारली.

तोंडातलं उरलेलं तिनं पाण्याबरोबर गिळलं. तासाभरानं ओटीपोटात पहिली कळ आली. पाळीसारखीच. विजयश्री मनात म्हणाली, एवढंच ना. निरंजननं शेकाची पिशवी प्लगला लावली, बटण दाबलं, आणि लाइट गेली.

दर गुरुवारी दुरुस्तीसाठी त्या भागातली लाइट जाते. हे दिघीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं आणि मेंटेनन्सवाल्या निरंजनला त्याच दिवशी आठवलं नाही. त्यानं एकदा पिशवीकडे, एकदा पंख्याकडे बघितलं.

"प्रिव्हेंटिव्ह," विजयश्री म्हणाली.

पण ती शेवटची थट्टा. त्यानंतरच्या कळेनं तिचं बोलणं बंद केलं. भिजलेली गोधडी दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी तसं कुणीतरी तिचं ओटीपोट पिळत होतं. कंबर भरून आली, मांड्यांपर्यंत गोळे चढले. रक्त जायला लागलं. मग हुडहुडी भरली, दात वाजायला लागले. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, थंडी वाजेल, घाबरायचं नाही. निरंजननं तिच्या अंगावर पांघरूण घातलं, त्यावर दुसरं, त्यावर सोलापुरी चादर, त्यावर स्वतःचं जर्किन. बाहेर ऊन रणरणत होतं.

"दुखायलंय का?"

"ठीक आहे."

"गोळी घेऊन एवढं?"

तिनं पलंगाची लोखंडी पट्टी धरली होती, बोटं पांढरी पडली होती. "ठीक आहे म्हटलं ना."

निरंजन घाबरला. त्याच्या हिशेबानं ऑइलिंग झालेलं होतं, म्हणजे एवढा आवाज यायला नको होता. तो स्वयंपाकघरात गेला, पाणी उकळलं, आणि घाईत ते पाण्याच्या विकतच्या बाटलीत ओतलं. बाटली त्याच्या डोळ्यांदेखत आकसून वांग्याएवढी झाली. मग स्टीलची बाटली भरली, तर ती हातात धरवेना. शेवटी तो जिना उतरून खाली गेला.

खाली घरमालकीण छबूबाई राहायच्या. दिघीतलं जुनं घराणं. शेत होतं तिथं आता प्लॉट होते, आणि शेताच्या कडेला जुनं घर होतं तिथं हे तीन मजली घर. एवढं होऊनही दारात एक म्हैस होती, कारण छबूबाईंना पिशवीतलं दूध पटत नव्हतं.

"मावशी, शेकायची पिशवी आहे का? रबराची? विजूचं पोट बिघडलंय. पाणीपुरी खाल्ली."

छबूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. "पानीपुरी," त्या म्हणाल्या. "बरं. तुमी व्हा म्होरं, म्या आले."

"तुम्ही कशाला जिना..."

"माझा जिना हाय."

गुडघ्यावर हात देत, दर पायरीला देवाचं नाव घेत त्या वर आल्या. काखेत लाल रबरी पिशवी. दारातूनच त्यांनी पलंग बघितला, स्टूल बघितलं, टॉवेल बघितले.

"कुटं खाल्ली ग पानीपुरी?"

"भोसरीत," विजयश्री म्हणाली.

"चौकात," निरंजन त्याच वेळी म्हणाला.

"दोगांनी येगयेगळ्या गाड्यावर खाल्ली," छबूबाई म्हणाल्या, "आन् पोट एकीचंच दुकतंय. पाव्हणं, जा, ही भरून आना. उकळतं नगं, कढत आना. आन् कोरा च्या टाका."

निरंजन गेला. छबूबाई पलंगावर टेकल्या, वरचं जर्किन उचलून बाजूला टाकलं आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "किती म्हैनं?"

विजयश्रीनं डोळे मिटले. आता ऐकून घ्यावं लागणार, असं तिला वाटलं. "दीडसुद्धा नाही."

"डाक्टरकडं गेलतीस? का कुनाच्या तरी सांगन्यावरून?"

"डॉक्टरकडं. त्यांनीच दिल्या गोळ्या."

"मंग झ्याक."

एवढंच. विजयश्रीनं डोळे उघडले. छबूबाई तिच्या पायाचे तळवे चोळायला लागल्या होत्या, परातीत कणीक मळावी तशा. "आन् दुकन्यावर काय दिलं न्हाई व्हय तिनं? येवढी शिकल्याली बाई, आन् तशीच सोडली?"

विजयश्रीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पण कळ आली, आधीच्या सगळ्या कळांची थोरली बहीण, आणि तिच्यापुढं खोटं टिकेना. तिनं एका हातानं उशीकडे दाखवलं. छबूबाईंनी अभ्र्यात हात घातला आणि गोळी बाहेर काढली. उजेडाकडे धरून बघितली.

"ही हितं ठिवल्यावर उशीचं दुकायचं थांबंल," त्या म्हणाल्या. "तुजं कसं थांबनार?"

विजयश्रीला हसू आलं आणि हसण्यानं पोट आणखी पिळलं. मग ती रडायलाच लागली. "मावशी, आपणच ठरवून करायचं, आणि वर दुखूसुद्धा द्यायचं नाही... बरं नाही वाटलं मला. थोडं तरी सोसावं म्हटलं."

"कुनासाठी?"

"ते माहीत नाही."

छबूबाईंचे हात थांबले. "मला चार झाली," त्या म्हणाल्या. "पाचव्या टायमाला म्या गेले एका बाईकडं. डाक्टर कुठला त्या वक्ताला. तिनं काय केलं ते सांगत न्हाई. कडब्याच्या खोलीत पडले व्हते दिसभर, लुगड्याचा बोळा तोंडात, सासूला आवाज जाऊ नये म्हनून. आमच्या ह्यांनीबी इचारलं न्हाई, दुकतंय का म्हनून. मला वाटलं, म्या लई मोठं काम केलं, त्वांडातून आवाज काडला न्हाई." त्यांनी तळवा पुन्हा हातात घेतला. "काय मिळालं सांगू? दाढ हालली. बोळा चावून चावून. बाकी काय न्हाई मिळालं. म्या सोसलं, कारन गोळी नव्हती. कुनी दिली असती ना, दोन खाल्ल्या असत्या."

"दोन नाही, एकच घ्यायची," दारातून निरंजन म्हणाला. त्याच्या एका हातात चहा, एका हातात भरलेली पिशवी, आणि नजर छबूबाईंच्या बोटांतल्या गोळीवर. मग त्यानं बायकोकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक इतकं काही येऊन गेलं की विजयश्रीला त्याही अवस्थेत त्याची कीव आली.

"बोलू नका," ती म्हणाली. "आता ब्रेकडाऊन म्हणाल तर पातेलं फेकून मारीन."

"म्हणत नाही." त्यानं चहा स्टुलावर ठेवला. "मी तासभर मरायलो इथं. वाटलं, गोळी घेऊन असं होतंय, म्हणजे काहीतरी भलतंच झालं."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ती एकटीच सोसत होती, असं ती समजून चालली होती.

त्यानं फोन लावला, आवाज मोठा केला. डॉक्टरांनी आधी रक्ताचं विचारलं, किती पॅड बदलली, ताप आहे का, चक्कर येते का. सगळं ठीक होतं. मग निरंजननं उशीतल्या गोळीचं सांगितलं.

"विजयश्री, तुमचं मागचं रेकॉर्ड मला माहीत नव्हतं, नाहीतर मी समोर उभी राहून गिळायला लावली असती," डॉक्टर म्हणाल्या. "आता लगेच घ्या. दोन बिस्किटं खा आणि घ्या. उशिरा घेतली तरी लागू पडते, फक्त जरा थांबावं लागेल. शेक चालू ठेवा. तासाभरात फरक वाटला नाही तर परत फोन करायचा, लाजायचं नाही. आणि दुखण्याची दुसरी गोळी दुपारी, चिठ्ठीवर लिहिलेलं अंतर ठेवून. दुखायची वाट न बघता."

"म्या बगते तिच्याकडं!" छबूबाई फोनच्या दिशेनं ओरडल्या.

"आपण कोण?"

"घरमालकीन!"

"छान. लक्ष ठेवा."

विजयश्रीनं बिस्किटं खाल्ली, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली. तिघं गप्प बसून जणू गोळीच्या पावलांचा आवाज ऐकत होती. ओटीपोटावर रबरी पिशवी होती, कढत, मऊ, जड. शेकानं आधी कंबर जराशी सैल झाली. पण कळा येतच होत्या.

"वरड," छबूबाई म्हणाल्या.

"काय?"

"दुकतंय तर वरड की. दात खाऊ नगंस. गोळी चालू होईस्तोवर तेवढंच."

विजयश्रीला कसं ओरडायचं ते माहीत नव्हतं. चौतीस वर्षांची झाली, सवयच नाही. पुढची कळ आली तशी ती हळूच म्हणाली, "आई गं."

"ह्ये काय? मांजरीवानी! माझी म्हस तुझ्यापरीस बरी, अख्ख्या आळीला कळतं तिचं काय दुकतंय ते."

निरंजननं तोंडावर हात धरला. विजयश्रीला हसू फुटलं, आणि हसण्याच्या मध्येच कळेनं गाठलं, आणि मग जे बाहेर पडलं त्यानं समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. खालून छबूबाईंचे यजमान मारुतराव, जे सहसा जागचे हलत नाहीत, अंगणात आलेले ऐकू आले. "ए! काय झालं वर?"

"पानीपुरी!" छबूबाईंनी खिडकीतून सांगितलं.

आणखी दोनदा ती तशी ओरडली. तिसऱ्या वेळी ती उठली, निरंजननं दंड धरून न्हाणीपर्यंत नेलं आणि दाराबाहेर उभा राहिला. आत बराच वेळ लागला. दर थोड्या वेळानं तो विचारायचा, "आहेस ना?" आणि ती म्हणायची, "जाऊ कुठं?" मग एकदा ती काही बोलली नाही. त्यानं दारावर हात ठेवला. आतून तिचा आवाज आला, वेगळाच, मोकळा. "झालं वाटतं."

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामानं डबडबलेला होता, पण खांदे खाली आले होते. पलंगावर ती पिशवी कवटाळून कुशीवर झाली. गोळी उशिरा निघाली होती, पण पोचली. पिळणं थांबलं नव्हतं, पण दूर गेलं होतं, पलीकडच्या खोलीत कुणीतरी करतंय असं. तिनं ते दोघांना सांगितलं, "आता कमी आहे," आणि हे वाक्य बोलताना तिला स्वतःचंच नवल वाटलं. किती होतं, किती आहे, हे आजवर तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. ठीक आहे, एवढंच सांगायची.

ती झोपली. जागी झाली तर लाइट आलेली, पंखा फिरतोय, निरंजन वरण-भाताचं ताट घेऊन बसलेला, आणि छबूबाई खुर्चीत डुलक्या काढतायत. ताट संपलं. दुखण्याच्या दुसऱ्या गोळीची वेळ झाली होती. पोटात तेव्हा नुसतं जड जड होतं, दुखणं असं नव्हतं. विजयश्रीनं स्वतःच हात पुढे केला, गोळी गिळली आणि निरंजनपुढे 'आ' करून जीभ वर केली, खाली केली, दोन्ही गाल दाखवले.

"उशी पण दाखव," तो म्हणाला.

तिनं उशी झटकून दाखवली.

छबूबाई गुडघ्यावर हात देत उठल्या. रबरी पिशवी इथंच राहू दे म्हणाल्या, अजून चार दिस लागंल. दारात थांबल्या, आणि निरंजनच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "पाव्हणं, पुढल्या टायमाला पानीपुरी जपून खा."

निरंजन कानापर्यंत लाल झाला. विजयश्री एवढी हसली की तिला पिशवी पोटाशी घट्ट धरावी लागली.

संध्याकाळी सुमनताईंचा नेहमीप्रमाणे फोन आला. निरंजन खुणेनं म्हणत होता, नको घेऊ, मी बोलतो. विजयश्रीनं घेतला. सगळं काही सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही हे ती पुढं कधीतरी ठरवणार होती, आणि ठरवायचा हक्क तिचा होता. पण सासूबाईंनी "आवाज का बसलाय?" विचारल्यावर ती म्हणाली, "पोटात फार दुखत होतं आई आज. ओरडले मी. मग गोळी घेतली, तेव्हा बरं वाटलं."

"तू ओरडलीस?" सुमनताईंना ते पटेना.

"हो ना. चांगली मोठ्यानं."

मग सुमनताई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "माझी पण गुडघ्याची गोळी डॉक्टरनं रोज घे म्हटलंय. मी एक दिवसाआड घेते. घेऊ का रोज?"

"रोज घ्या," विजयश्री म्हणाली. "आणि कुठं लपवू नका."

पंधरा दिवसांनी दोघं पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टर मंजुषांनी तपासलं. सगळं व्यवस्थित झालं होतं. मग खुर्चीत मागे टेकून त्या म्हणाल्या, "आता पुढचं. परत ही वेळ नको असेल तर काय करायचं, त्याचा विचार केलाय? तांबी तुम्हाला मानवली नाही. बायकांसाठी दुसरे उपायही आहेत, ते सांगते. आणि तुम्हाला आणखी मूल नकोच असेल, तर पुरुषांचं एक छोटं ऑपरेशन आहे. बिनटाक्याचं. त्याच दिवशी घरी."

विजयश्रीनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. निरंजननं टेबलावरचा पेपरवेट उचलला, खाली ठेवला.

"दुखतं का?" त्यानं विचारलं.

"दोन-तीन दिवस थोडं. जड वस्तू उचलायची नाही."

"आणि त्याच्यावर..."

"गोळी देऊ की."

"कधी घ्यायची?"

डॉक्टर उत्तर द्यायला तोंड उघडत होत्या, पण विजयश्रीनं हात वर करून त्यांना थांबवलं. "त्यांना माहीत आहे मॅडम," ती म्हणाली. "विचारून बघायलेत."

निरंजननं पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाला, "गुरुवार मिळेल का? पण लाइट जाते हो गुरुवारी."

"आमच्याकडे जनरेटर आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि विजयश्रीनं त्याच्या खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं. या वेळी सही त्याची लागणार होती.